जाड तुकडी

फ्रीजमध्ये अर्धा लिटर दूध होतं, वाटीभर ताक, परवाची आमटी, चार अंडी आणि कागदात गुंडाळलेली कोथिंबिरीची जुडी. वर बर्फाच्या कप्प्यात एक पाकीट होतं. त्यात माशाच्या दोन तुकड्या, एक जाड, एक शेपटीकडची. ओट्यावर सोया सॉसची बाटली होती, वरून तीन बोटं रिकामी. फडताळात गुळाची ढेप, तिचा एक कोपरा सुरीने तासलेला. कचऱ्याच्या बादलीत, वर्तमानपत्राच्या पुडीत, दुसरं पाकीट सापडलं. रिकामं, कात्रीने एका बाजूने सरळ कापलेलं. ताटल्या दोन लागल्या होत्या आणि त्या दोन्ही रविवारी दुपारीच घासून झाल्या होत्या.

गीतांजलीने हे सगळं कॉलेजच्या जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानावर लिहून काढलं. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. ती नेरुळच्या घरी आईचे दोन गाऊन आणि कंगवा न्यायला आली होती. आई, म्हणजे मीना खवणेकर, वय एकोणपन्नास, सोमवारी संध्याकाळपासून वाशीच्या एका इस्पितळात होती आणि तिला नेमकं काय झालंय हे कुणाला कळत नव्हतं.

सोमवारी सात वाजता मीना चहा करायला गेली आणि म्हणाली, "गीता, गॅसला दोन ज्योती दिसतायत गं." मग तोंड कोरडं पडलं. मग आवाज नाकातून यायला लागला. इस्पितळात पोचेपर्यंत पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. अर्धांगवायूचा झटका असेल म्हणून डोक्याचा फोटो काढला. तो स्वच्छ निघाला. मंगळवारी पहाटे तिला चहा गिळता येईना. सकाळी मान उशीवरून उचलता येईना. हातापायांत मात्र बऱ्यापैकी जोर होता आणि डोकं लख्ख होतं. सगळ्यात वाईट तेच होतं, कारण मीनाला स्वतःचं काय चाललंय ते सगळं कळत होतं.

"दोन दोन गीता दिसतात मला," ती नाकातल्या आवाजात म्हणाली होती. "एकीचं लग्न लावून टाकू. दुसरी राहील माझ्याजवळ."

वॉर्डच्या डॉक्टर राजश्री म्हणून एक तिशीतल्या बाई होत्या. दर काही तासांनी त्या मीनाला एक खोल श्वास घ्यायला सांगत आणि त्या एका श्वासात जमतील तितके आकडे मोजायला लावत. सोमवारी संध्याकाळी मीना चोवीसपर्यंत गेली होती. मंगळवारी सकाळी सातला एकोणीस. "छातीचे स्नायू थकत चाललेत," डॉक्टर गीतांजलीला बाहेर बोलावून म्हणाल्या. "दहाच्या खाली आलं तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. मशीन श्वास देईल, पण आजार नाही थांबवणार. आजार कुठला ते कळायला हवं."

तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, "दोन-तीन दिवसांत बाहेरचं काही खाण्यात आलं?"

आणि बाबा चटकन म्हणाले होते, "नाही नाही, सगळं घरचंच."

उत्तर खोटं नव्हतं, पण फार चटकन आलं होतं. बाबा, श्यामसुंदर खवणेकर, सहसा कुठल्याही प्रश्नाला आधी चष्मा पुसत.

गीतांजली सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाली होती आणि रबाळ्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बसमध्ये ती आजाराच्या क्रमाची उजळणी करत आली. आधी डोळे, मग जीभ, मग घसा, मग मान, आता छाती. वरून खाली. हे कुठेतरी वाचलं होतं. घरी आल्यावर तिने माळ्यावरून शेवटच्या वर्षाच्या नोट्स काढल्या. बॉट्युलिझमवर एक परिच्छेद होता, परीक्षेत दोन मार्कांना येणारा. हवा काढून बंद केलेलं अन्न. नीट थंड न ठेवलेलं. जंतू स्वतः काही करत नाहीत, अन्नात विष सोडतात. थंड समुद्रातल्या माशांवर जो प्रकार सापडतो, त्याने अन्नाला वास येत नाही. शेवटची ओळ तिच्याच अक्षरात होती: विष उष्णतेने नष्ट होते, ८५ अंश, ५ मिनिटे.

वही मिटून तिने फ्रीज उघडला आणि मोजायला सुरुवात केली.

मासा बाबांनी आणला होता. द्रोणागिरीला एका शीतगृहाच्या आवारात ते नोंदणी कारकून होते. बंदरातून आलेले थंड कंटेनर तिथे रांगेने उभे राहात आणि त्यांचं तापमान दर चार तासांनी वहीत लिहायचं हे त्यांचं काम. गुरुवारी ते हवा काढून घट्ट बंद केलेली दोन पाकिटं घेऊन आले. "सालमन," ते म्हणाले. "पंचतारांकित हॉटेलांत जातो. आपल्या रावसाचा गोरा चुलतभाऊ." आदल्याच दिवशी गीतांजलीला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळालं होतं. "पेढे सगळेच आणतात," बाबा म्हणाले. "माझ्या पोरीला विलायती मासा."

एक पाकीट खालच्या कप्प्यात ठेवलं, रविवारसाठी. दुसरं वर बर्फात, बाबांना सुट्टी असेल त्या दिवसासाठी. रविवारी त्यांना कामावर जायचं होतं.

रविवारी स्वयंपाक गीतांजलीने हातात घेतला. पाकिटाच्या पाठीवर इंग्रजीत कृती छापली होती. मध, सोया सॉस, आलं, लिंबू, यांचा दाट पाक करायचा आणि माशावर तो चकाकेपर्यंत घालत राहायचं. मध नव्हता म्हणून तिने गूळ घेतला. लिंबाऐवजी आमसुलाचं पाणी. लसूण स्वतःच्या मनाने.

"माशात गूळ?" मीना ओट्याला टेकून उभी होती. "वेंगुर्ल्याला कळलं तर माहेर तुटेल माझं."

"तू सोलकढीत साखर घालतेस ते?"

"चिमूट घालते. तू पाक करतेयस. मासा आहे की गुलाबजाम?"

पाक मात्र देखणा झाला. काळसर तांबडा, चमच्यावरून जाड धारेने उतरणारा. तव्यावर तुकड्या टाकल्या आणि घरात आंबट, गोड, खारट असा वास भरला, जो त्या घरात आधी कधी आला नव्हता. गीतांजली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. एका बाजूने चार मिनिटं, उलटून तीन, आच मंद. आच वाढवली की गूळ जळून कडू होतो.

"झाकण ठेव ना दोन मिनिटं. वाफ बसू दे," मीना म्हणाली.

"झाकण ठेवलं की पाक पातळ होतो. आणि हे वाच. आतून मऊ राहिला पाहिजे. जास्त शिजवला तर कोरडा होतो."

"पाकीट लिहिणाऱ्याच्या शेजारी त्याची आई उभी नव्हती वाटतं."

पानं घेतली. या घरात मासा असला की जाड तुकड्या बाबांच्या आणि गीतांजलीच्या ताटात पडत. मीना सगळ्यांचं झाल्यावर बसायची आणि डोकं आणि शेपटी घ्यायची. डोक्यातच खरी चव असते, असं ती लग्न झाल्यापासून सांगत आली होती. गीतांजलीने लहानपणी ते खरं मानलं होतं. मोठी झाल्यावर तिला राग यायला लागला होता.

"शेपटी इकडे दे," मीना म्हणाली.

"नाही. आज उलटं. जाड तुकडी तुझी. आणि माझ्याबरोबर बसायचं, नंतर नाही."

"अगं पण तुझ्या नोकरीचा मासा ना?"

"म्हणूनच. मी सांगीन ते."

मीनाने घास मोडला आणि थांबली. "आतून लाल दिसतोय गं."

"आई, मासाच लाल आहे. गाजरासारखा. शिजला तरी तसाच राहतो."

"बरं बाई," मीना म्हणाली, आणि सगळी तुकडी संपवली. शेवटचा पाक बोटाने पुसून खाल्ला. "वाईट नाही," ती म्हणाली. "वेंगुर्ल्याला सांगू नको."

आता गीतांजलीने बर्फातलं पाकीट उजेडात धरलं. प्लास्टिकच्या आत, तुकड्यांच्या कडेने, बर्फाचे बारीक खडे साचले होते. तुकड्यांचा रस एका कोपऱ्यात वाहून तिथेच गोठला होता. बाहेर छापलं होतं: उणे अठरा अंशांखाली ठेवावे, वितळल्यास पुन्हा गोठवू नये. ती आरशासमोर गेली आणि स्वतःच्या पापण्या बघितल्या. दोन्ही वर होत्या. एक बोट नाकासमोर धरून डावीकडे, उजवीकडे नेलं. बोट एकच होतं.

शेजारच्या शेवंताबाईंकडे फोन होता, पण तिथून बोललं तर सगळ्या मजल्याला कळलं असतं. ती खाली पीसीओत गेली. द्रोणागिरीचा नंबर लावल्यावर फोन सितारामने उचलला. सिताराम उरणकडच्या गावातला, त्या आवाराचा जुना रखवालदार.

"हॅलो, कोन?"

"सितारामकाका, मी गीतांजली. खवणेकरांची."

"आगो बाय! आई कशी हाय? तुझा बा सकालचा फोन करून गेला, येत नाय म्हून."

"आई तशीच आहे. काका, तो लाल मासा तुम्हीपण नेला होतात ना? खाल्लात?"

"छ्या! म्हातारीनं पाकीट हातान घेतला आनि माज्या अंगावर टाकला. बोलली, हा मासा एकदा पानी झालेला हाय, परत बरफ केलाय. मासा इकनाऱ्या कोलनीला शिकवतोस काय? पुरून टाकला नारलाखाली."

"पाणी झालेला म्हणजे? कंटेनर बंद होता?"

पलीकडे दार लोटलं गेलं. मग आवाज खाली आला. "वायर जलाली होती त्याची. बुधवारी कलला, तवा जोरली. बंद कवापासून होता, सा दिस का सात, मना नाय ठावं. वहीन तर सगला बरोबरच लिवलेला हाय."

"वही कोण लिहितं, काका?"

"तुझा बा लिवतो, आनि कोन? त्यालाच इचार. आनि बाय, मी तुला काय बोललो नाय हां."

पीसीओवाल्याला पैसे देताना तिने सुटे परत घेतले नाहीत, हे तिला बस सुटल्यावर कळलं.

इस्पितळात एक वाजता डॉक्टर राजश्रींनी पुन्हा मोजायला लावलं. मीनाच्या पापण्या आता मिटल्यासारख्याच होत्या. नर्सने चिकटपट्टीने एक वर धरून ठेवली होती. ती एका लयीत मोजत गेली, आकडे एकमेकांना चिकटत होते, आणि चौदावर श्वास संपला. तिने बोटांनी हवेत पंधरा, सोळा असं दाखवलं, कॉपी करणाऱ्या मुलीसारखं, आणि ओठांचा एक कोपरा हलवला. तो हसण्याचा प्रयत्न होता.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर थर्मास, दोन्ही हात त्यावर.

"बाबा, वहीत काय लिहिलंय?"

"कसल्या वहीत?"

"मासेवाल्या कंटेनरच्या. गेल्या आठवड्यात."

त्यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "उणे अठरा," ते म्हणाले.

"सगळे दिवस?"

"सगळे दिवस."

"आणि काट्यावर किती होतं?"

"गीता, चाळीस कंटेनर असतात आणि माणूस मी एकटा. एकेका दारापाशी जाऊन, शिडीवर चढून काटा बघायचा, उन्हातान्हात. सगळेच असं करतात. पाळी संपताना पान भरून टाकायचं. काल उणे अठरा होतं ते आज काय वेगळं असणार? बारा वर्षांत एकदा चुकलं नाही." ते थांबले. "बुधवारी दार उघडलं तर आतून पाणी आलं."

"आणि मग?"

"साहेबांनी वायर बदलून घेतली. पुन्हा गोठवा म्हणाले. एक खोका फुटला होता, तो वाटून टाकला सगळ्यांना. फुटलेला खोका वाटतातच. मी वास घेऊन बघितला गं. अजिबात वास नव्हता. वास असता तर मी आणला असता?"

"आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"झटका म्हणत होते ना ते. मला वाटलं माशाचा काय संबंध. माशाने उलट्या होतात, डोळे कुठे मिटतात?" त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "सांगितलं की वही मागणार. वही आली की मी घरी. माझं वय बावन्न. कोण उभं करतं दारात?"

"बाबा, आई चौदापर्यंत मोजतेय."

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. मग तो बाकावर ठेवून उठले आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार स्वतः ढकलून आत गेले. गीतांजली मागोमाग गेली. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, कंटेनरचा नंबर, तारखा, वहीतले आकडे आणि खरं काय होतं ते. कामावर जबाब देताना देतील तसंच, क्रमाने, काही न गाळता.

डॉक्टर राजश्री ऐकत असताना लिहीत होत्या. मध्येच त्यांचं पेन थांबलं. "मी हा आजार फक्त पुस्तकात बघितलाय," त्या म्हणाल्या. "पण जुळतंय. वरून खाली येतंय, ताप नाही, शुद्ध शाबूत. यावर औषध आहे, प्रतिविष. आपल्याकडे कुठे ठेवलेलं मला माहीत नाही. सरकारी खात्यामार्फत परदेशातून मागवावं लागेल. आज फॅक्स गेला तर परवा विमानाने येईल, गेला नाही तर नाही. जे विष आधीच चिकटलंय ते सुटत नाही, पण पुढचं थांबतं. म्हणून वेळ महत्त्वाचा."

"मग पाठवा ना फॅक्स," बाबा म्हणाले.

"पाठवते. पण पलीकडचा माणूस मला पहिला प्रश्न विचारेल, आणि तोच मला पडलाय. हे विष पंच्याऐंशी अंशांपर्यंत शिजवल्यावर टिकत नाही. मासा कच्चा खाल्ला होता का?"

"कच्चा कसा खातील?" बाबा म्हणाले. "माझ्या मुलीने केला होता. बी.एस्सी. आहे ती. ती कच्चा ठेवील का कधी?" आणि ते गीतांजलीकडे वळले. त्या नजरेत अभिमान होता, आणि त्याच्या मागे दुसरंही काही होतं. मासा नीट शिजला असेल तर दोष माशाचा नव्हता, वहीचा नव्हता, त्यांचा नव्हता.

"शिजला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

गीतांजलीने दोन्ही उत्तरं तोलून बघितली. हो म्हटलं तर औषध येणार नव्हतं. नाही म्हटलं तर येईल कदाचित, पण ते 'नाही' खरं आहे हे तिला कुठून कळलं असतं? तो मासा तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता. रंगावरून कळण्यासारखं नव्हतं.

"वरून शिजला होता," ती म्हणाली. "आतलं मला माहीत नाही."

"साधारण?"

"साधारण नको. तशीच दुसरी तुकडी घरी आहे. त्याच जाडीची. मी वेळ लावून केला होता, कृती तीच करता येईल. मोजून सांगते."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "मला सोयीचा आकडा नकोय," त्या म्हणाल्या. "खरा असेल तोच लिहीन. आणि शेपटीची तुकडी शिजवू नकोस, बर्फात ठेवून इथे आण. ती तपासणीला पाठवू. तिचा निकाल चार-पाच दिवसांनी येतो, तोवर थांबता येणार नाही. साडेपाचपर्यंत मला फोन कर. सहाला खात्याचं ऑफिस रिकामं होतं."

बाबा बाहेर आले तेव्हा म्हणाले, "तू चांगलाच शिजवला होतास गं." ते तिला धीर देत होते की मागत होते, ते तिला कळलं नाही. ती रिक्षात बसली.

रबाळ्याला तिच्या प्रयोगशाळेचे मुख्य हौसेराव जेवणाचा डबा धूत होते. "सर, एक थर्मामीटर हवाय. शंभरच्या वरपर्यंतचा, बारीक टोकाचा. उद्या परत देते. आणि हातमोज्यांचा एक जोड."

"सुट्टीवर आहेस ना तू? आई कशी आहे?"

"तिच्यासाठीच हवाय."

हौसेरावांनी जास्त विचारलं नाही. कपाटातून नवीन, खोक्यातला काढून दिला. "शून्य आणि शंभर तपासून घे," ते म्हणाले. "नवीन आहे म्हणून विश्वास ठेवू नको."

घरी पोचली तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. तिने पाकीट तसंच बंद ठेवून पातेल्यातल्या पाण्यात सोडलं, वितळायला. दुसऱ्या पेल्यात बर्फ कुटून थर्मामीटर बुडवला. पारा शून्यावर आला. उकळत्या पाण्यात धरला. शंभराला अर्धा अंश कमी. तिने ते लिहून ठेवलं. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, जिथे रविवारचं पाकीट तीन दिवस होतं, तिथलं तापमान घेतलं. नऊ.

पावणेपाचला हातमोजे घालून तिने पाकीट कापलं. वास खरंच नव्हता. शेपटीची तुकडी काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून, बर्फाच्या डब्यात ठेवली. जाड तुकडीला पट्टी लावली. मध्यभागी तीन सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. पोटात टोक घालून बघितलं, दहा अंश. रविवारच्यापेक्षा एक अंश जास्त. चालण्यासारखं होतं.

गूळ तेवढाच किसला. सोया सॉस चार चमचे, आमसुलाचं पाणी दोन, आलं, लसूण. पाक दाट व्हायला लागला आणि तोच वास घरात पुन्हा भरला. ओट्याच्या कडेला, जिथे रविवारी मीना टेकून उभी होती, तिथे आता बर्फाचा डबा होता.

दारावर थाप पडली. शेवंताबाई होत्या, पदराने हात पुसत.

"गीता, तुझ्या बाबांचा फोन आलावता आत्ता. म्हणाले, नुसतं एवढंच सांगा तिला, नऊ. नऊ काय गं? नऊ वाजता यायचंय का?"

"नाही काकू."

"मग? आणि हे काय, मासे करतेयस? आई तिकडे आणि तू..." त्या हातमोज्यांकडे आणि थर्मामीटरकडे बघत राहिल्या. "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. काकू, मला वीस मिनिटांनी फोन लागेल तुमचा. आत्ता जा."

त्या गेल्या. तिने दार लोटलं आणि तव्याखाली गॅस लावला. आच रविवारच्या खुणेवर, अर्ध्याच्या जरा खाली. तुकडी टाकली आणि घड्याळ बघितलं. पाच वाजून सात.

पहिलं मिनिट ती नुसती उभी होती. दुसऱ्या मिनिटाला तिचा हात आपोआप उलथण्याकडे गेला. आताच उलटली असती तर आकडा हमखास खाली आला असता, औषध मिळालं असतं. तिने हात मागे घेतला. पाचव्या मिनिटाला, उलटून झाल्यावर, तिची नजर झाकणाकडे गेली. ते भांड्यांच्या मांडणीवर पालथं होतं. झाकण ठेवलं असतं, एक मिनिट जास्त दिलं असतं, तर मासा शिजला असता, आतपर्यंत, आणि रविवारचाही तसाच शिजला होता असं तिला आयुष्यभर म्हणता आलं असतं. पाक कडेने काळा पडायला लागला. तिने चमच्याने तो पुन्हा पुन्हा तुकडीवर घातला, रविवारी घातला होता तसाच. तुकडी चकाकायला लागली.

पाच वाजून चौदा मिनिटांनी तिने गॅस बंद केला. तुकडी ताटलीत घेतली आणि रविवारी पानं वाढायला लागली होती तेवढी, दोन मिनिटं, तशीच ठेवली. मग थर्मामीटरचं टोक बाजूने, बरोबर अर्ध्या उंचीवर, मध्यापर्यंत सरकवलं.

पारा आधी भराभर चढला, मग सावकाश. तो थांबल्यावर तिने साठ आकडे मोजले. तो हलला नाही. तिने वाकून डोळे पाऱ्याच्या पातळीला आणले आणि वाचलं. मग तेच पुन्हा वाचलं. जर्नलच्या पानावर वेळ लिहिली, पाच सतरा, आणि तिच्यासमोर आकडा लिहिला.

५२ अंश.